धीर देण्याआधी हजर राहा : कॅन्सरच्या पेशंटसाठी आधारगट सुरू करताना

डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर आलेला माणूस बाकावर बसतो. मांडीवर फाइल, हातात पुढच्या तपासण्यांची चिठ्ठी. आत पंधरा-वीस मिनिटं बोलणं झालेलं असतं, पण ‘कॅन्सर’ हा शब्द कानावर पडल्यानंतरचं बहुतेक बोलणं डोक्यावरून गेलेलं असतं. सोबत आलेल्या नातेवाइकाचीही तीच गत. आता घरी काय सांगायचं, ही तपासणी कुठे होते, रजा कशी मागायची, आणि हे सगळं विचारायचं तरी कुणाला? आधारगटाचं काम या बाकापासून सुरू होतं.

आपल्या जवळच्या दवाखान्याला किंवा रुग्णालयाला धरून असं काम करावं असं ज्यांच्या मनात आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्याला वैद्यकीय शिक्षण लागत नाही. सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या जागी, महिनोन्‌महिने हजर राहणं मात्र लागतं, आणि ते सगळ्यांना जमत नाही. नवे लोक येतात ते धीर द्यायला. पेशंटला धीर देणारे पैशाला पासरी भेटतात. मंगळवारी नऊला येतो म्हणून खरोखर नऊला दारात उभा राहणारा विरळा.

पायरी पहिली : दवाखान्याशी बोलणी

थेट पेशंटकडे जाऊ नका. आधी दवाखान्यातल्या कुणा एका माणसाशी नातं जोडा. बहुधा ती सिस्टर असते, कधी वैद्यकीय समाजसेवक, कधी केसपेपरच्या खिडकीवरचे जुने कर्मचारी. परवानगी मोठे डॉक्टर देतात, पण काम चालतं ते या माणसाच्या जिवावर. पहिल्या भेटीत योजनांचे कागद पसरू नका. एवढंच विचारा : “पेशंटच्या कुठल्या अडचणीकडे बघायला तुम्हाला वेळच मिळत नाही?” आणि उत्तर लिहून घ्या.

या बोलण्यांतून काही गोष्टी कागदावर आल्या पाहिजेत. स्वयंसेवक कुठे आणि कोणत्या वेळी बसणार. पेशंटचं नाव तुमच्यापर्यंत कोण पोहोचवणार, आणि तेही पेशंटने स्वतः हो म्हटल्यावरच. अडचण वैद्यकीय निघाली तर कुणाला कळवायचं आणि किती वेळात. शिवाय तुम्ही काय करणार नाही त्याची यादी : औषधाचा डोस सांगणार नाही, रिपोर्टचा अर्थ लावणार नाही, अमक्या डॉक्टरकडे जा म्हणणार नाही, कुठलंही जादा औषध किंवा काढा सुचवणार नाही, पेशंटकडून पैसे घेणार नाही. ही यादी समोर ठेवली की दवाखान्याची निम्मी धास्ती तिथेच उतरते.

गुपित राखण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण माझी पहिली मोठी चूक इथेच झाली. एका बाईंच्या घरी फोन लावला, तो दुसऱ्याच कुणी उचलला, आणि मी सरळ “कॅन्सर आधारगटातून बोलतेय” म्हणाले. त्या घरात म्हाताऱ्या आईला काहीही सांगितलेलं नव्हतं. पुढचं लिहीत नाही. तेव्हापासून पहिल्याच भेटीत विचारायचा एक प्रश्न आमच्या वहीत छापूनच टाकला आहे : “फोन दुसऱ्या कुणी उचलला तर मी कोण म्हणून सांगू?” तसंच स्वयंसेवकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पेशंटचं नाव, फोटो, रिपोर्ट असं काहीही जात नाही. जिन्यात, लिफ्टमध्ये, रस्त्यात भेट झाली तर ओळख पेशंटने दाखवायची. त्याने नाही दाखवली, तर आपणही पुढे निघून जायचं.

पायरी दुसरी : आधी दहा जणांचं ऐका

गरज काय आहे ते आपल्याला ठाऊकच आहे, असा सगळ्यांचा समज असतो. उपचार चालू असलेल्या दहा पेशंटना आणि त्यांच्या घरच्यांना शांतपणे भेटा. “तुम्हाला काय हवंय?” असं विचारलं तर “काही नको, बरं आहे” असंच उत्तर येतं. त्याऐवजी “गेल्या आठवड्यात सगळ्यात अडलं कुठे?” असं विचारा. मग खरं बाहेर येतं. रेडिएशन आठवड्यातले पाच दिवस, कित्येक आठवडे असतं, आणि रोज सोबत यायला कुणी नसतं. एक कागद कमी म्हणून काम परत गेलेलं असतं. नवऱ्याच्या आजारपणात बायकोला सलग चार तास झोप मिळालेली नसते. मनाच्या गोष्टीही निघतात, पण बऱ्याचदा या कामांच्या मागून.

अडचणींचं हे स्वरूप ओळखूनच सर्जन हॅरल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात ‘वाटाड्या’ नेमण्याची पद्धत सुरू केली. तिथल्या गरीब स्त्रिया स्तनांचा कॅन्सर फार वाढल्यावर दवाखान्यात येत होत्या. संशयास्पद तपासणीपासून निदानापर्यंत आणि निदानापासून उपचारापर्यंत त्यांच्यासोबत चालायला एक माणूस दिला. तारीख, पैसे, कागद, भीती, जिथे गाडी अडेल तिथे तो ती सोडवायचा. जोडीला फुकट किंवा अगदी स्वस्त तपासणीची सोय केली. आधीच्या काळात तिथे पाच वर्षं जगणाऱ्या पेशंटचं प्रमाण ३९ टक्के होतं. या दोन्ही गोष्टी सुरू झाल्यानंतरच्या गटात ते ७० टक्के झालं. श्रेय एकट्या वाटाड्याचं नव्हे. पण त्याने काय केलं ते बघा : फाइल हातात घेतली आणि बरोबर चालला.

दहा जणांचं ऐकून झालं की सगळ्यात जास्त वेळा आलेल्या दोन गोष्टी निवडा. दोनच. सोबत जाणं आणि कागदपत्रं, एवढ्यावर पहिलं वर्ष काढलेले गट पुढे टिकलेले मी पाहिलेत. उद्घाटनालाच बारा योजना जाहीर करणारे दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत उरत नाहीत.

पायरी तिसरी : माणसं निवडणं

स्वतः या आजारातून गेलेला स्वयंसेवक सोन्याच्या मोलाचा. टेरिझ लॅसर या अमेरिकन बाईंनी १९५२ मध्ये स्वतःची स्तनाची शस्त्रक्रिया झाल्यावर इतर स्त्रियांना रुग्णालयात जाऊन भेटायला सुरुवात केली. हात किती दिवसांनी वर जातो, आत काय घालायचं, असे प्रश्न डॉक्टरांना विचारायला बायका संकोचत, आणि डॉक्टरांनाही त्यांची उत्तरं फारशी ठाऊक नसत. त्यातून उभं राहिलेलं काम पुढे कितीतरी देशांत पसरलं. ‘मीही यातून गेलेय’ हे वाक्य जे करतं, ते दहा पुस्तिकांनी होत नाही.

पण स्वतःचे उपचार संपल्या संपल्या कुणाला या कामात ओढू नका. निदान वर्षभर जाऊ द्या. जवळचं माणूस नुकतंच गेलेल्यांनाही हेच लागू. जखम ओली असेल तर समोरच्याचं ऐकता ऐकता माणूस आपलंच सांगू लागतो, आणि पेशंटलाच त्याची समजूत काढावी लागते. शिवाय अनुभव हे दुधारी शस्त्र आहे. एकाच अवयवाचा कॅन्सर दोघांना झाला, तरी पेशींचा प्रकार, टप्पा, औषधं सगळं वेगळं असू शकतं. “मला तर दुसऱ्या किमोलाच बरं वाटायला लागलं” हे वाक्य चांगल्या मनाने बोललेलं असतं आणि ऐकणाऱ्याची रात्र खराब करतं.

कुणाला सरळ नाही म्हणायचं? जो आपलं उत्पादन, पंथ किंवा पक्ष घेऊन येतो त्याला. फोटोसाठी येणाऱ्याला. आणि ज्याला दर वेळी उत्तर द्यायचंच असतं त्यालाही. पण त्याला हिशेब, गाडीची सोय, फोन लावणं अशी कामं द्या. ती तो उत्तम करतो.

पायरी चौथी : बोलण्याची तालीम

दोन अर्धे दिवस पुरतात. व्याख्यानं कमी ठेवा. दोघादोघांना समोरासमोर बसवून एकाला पेशंट करा, दुसऱ्याला स्वयंसेवक. अट एकच : पहिली पाच मिनिटं स्वयंसेवकाने सल्ला द्यायचा नाही. ही पाच मिनिटं किती लांबतात ते करून बघितल्याशिवाय कळणार नाही.

काही वाक्यं तालमीतच गाळून टाका. “सगळं ठीक होईल.” तुम्हाला कसं माहीत? “आमच्या मावशीलाही हेच झालं होतं.” पुढे मावशीचं काय झालं, हा प्रश्न ठरलेला. “मन खंबीर ठेव, निम्मा आजार मनाचाच असतो.” हे सगळ्यात वाईट. आजार वाढला तर तो माणूस स्वतःलाच दोष देतो, मी कमी पडले, माझं मन कच्चं होतं. खंबीर मनाने कॅन्सर हटतो याला पुरावा नाही. रडणाऱ्याला रडू द्या. रुमाल लगेच पुढे केला तर ‘आता बास’ असा त्याचा अर्थ होतो, हे मला एका पेशंटनेच सांगितलं.

मग बोलायचं काय? “आज बोलायचंय का, की नुसतं बसूया?” हे पुष्कळदा पुरतं. “डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत सांगाल?” याने माणसाला किती समजलंय ते कळतं, आणि घोळ असेल तर तो सिस्टरपर्यंत नेता येतो. “काही लागलं तर सांगा” असं मोघम कधी म्हणू नका, कुणीही सांगत नाही. “गुरुवारी रिपोर्ट आणायला मी जाऊ का?” असं नेमकं विचारा. हो किंवा नाही म्हणणं सोपं जातं.

एक वर्तुळांची युक्ती नव्या लोकांना पटकन उमजते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुझन सिल्क यांनी ती २०१३ मध्ये मांडली. मध्यभागी पेशंट, त्याच्याभोवतीच्या कड्यात जोडीदार आणि मुलं, त्याबाहेर भावंडं आणि जवळचे मित्र, त्याबाहेर शेजारी, ओळखीचे, आपण. आतल्या कड्याकडे तोंड करून बोलताना फक्त आधार द्यायचा. आपली भीती, आपलं रडणं, आपली चिडचिड बाहेरच्या कड्याकडे न्यायची. पेशंटच्या उशाशी बसून “मला तुझ्याकडे बघवत नाही” म्हणणारा माणूस नेमका उलटा चाललेला असतो.

पायरी पाचवी : पहिली भेट आणि पुढच्या

पहिली भेट अर्ध्या तासाची. आपलं नाव सांगा, आपण डॉक्टर किंवा सिस्टर नाही हे सांगा, किती वेळ बसणार तेही सांगा. खुर्ची ओढून बसा. उभ्याने विचारपूस करणारा माणूस निघायच्या तयारीत वाटतो.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९७७ पासून कॅन्सरच्या पेशंटच्या मनाकडे बघणारी स्वतंत्र सेवा उभी केली. या विद्याशाखेतून आलेलं एक साधं साधन तुम्हालाही वापरता येतं. कागदावर तापमापकाचं चित्र, शून्य ते दहा आकडे. आजचा दिवस धरून गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, त्या आकड्यावर खूण करायची. जोडीला एक यादी असते : झोप, वेदना, पैसे, प्रवास, मुलं, जोडीदार, श्रद्धेचे प्रश्न. खूण चार किंवा त्याहून वर असेल, तर पेशंटच्या संमतीने ते दवाखान्याला कळवायचं. आकडा विचारल्यामुळे एक फायदा होतो. ‘मला मानसिक त्रास होतोय’ हे शब्द तोंडातून निघत नाहीत, पण ‘सात’ म्हणता येतं.

कुणी जगण्यात अर्थ नाही असं बोलू लागलं तर विषय बदलू नका. जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच क्षणी दवाखान्याला कळवायचं. इथे गुपित राखायचं वचन लागू नाही, आणि ही अट पहिल्या भेटीतच सांगून ठेवलेली असते.

पुढच्या भेटींत काम हातात घ्या. एक जाड फाइल : वर अलीकडचा रिपोर्ट, खाली जुने, बायॉप्सीचा कागद वेगळ्या कप्प्यात, सगळ्यांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर. एक छोटी वही : कोणतं औषध कधी घेतलं, त्रास काय झाला, ताप किती. डॉक्टरांना भेटण्याच्या आदल्या दिवशी तीन प्रश्न लिहून ठेवायचे, सगळ्यात महत्त्वाचा पहिला, कारण दोनच विचारून होतात. आत गेल्यावर स्वयंसेवकाने बोलायचं नाही, लिहायचं. “याचं रेकॉर्डिंग केलं तर चालेल का?” हे पेशंटने स्वतः विचारावं.

आणि दर आठवड्याला ठरल्या दिवशी फोन. याला कमी लेखू नका. मेमोरियल स्लोन केटरिंगमध्येच ७६६ पेशंटवर झालेल्या एका अभ्यासात, किमो घेताना मळमळ, थकवा, वेदना अशा तक्रारी घरून कळवण्याची सोय काहींना करून दिली होती आणि तक्रार वाढली की ती सिस्टरपर्यंत पोहोचत होती. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या गटातले निम्मे पेशंट ३१.२ महिन्यांहून जास्त जगले, नेहमीच्या पद्धतीने बघितलेल्या गटात हाच आकडा २६ महिने निघाला. तिथे संगणक होता आणि पलीकडे प्रशिक्षित सिस्टर होती. आपल्याकडे फोन आणि वही. तुलना तंतोतंत नाही. पण दोन भेटींच्या मधल्या दिवसांत कुणीतरी नेमाने विचारतंय आणि ऐकलेलं योग्य जागी पोहोचवतंय, हे बळ तेच आहे.

पायरी सहावी : धोक्याच्या खुणा

ही पायरी पाठच करायची. उपचार सांगायचे नाहीत, पण घाई कधी करायची ते माहीत हवं.

किमो चालू असताना ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर सकाळची वाट बघायची नाही. किमोने पांढऱ्या पेशी घटतात, बऱ्याच औषधांत साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास त्या सगळ्यात कमी असतात, आणि अशा वेळी साधा जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर उठू शकतो. डॉक्टरांना न विचारता तापाची गोळी देऊन आकडा खाली आणणं धोक्याचं, कारण मग ताप लपतो. म्हणून घरात तापमापक हवा, आणि किमोच्या दिवसापासून मोजलेले दिवस कॅलेंडरवर हवेत. स्वयंसेवकाला सर्दी-खोकला असेल तर त्याने जायचं नाही, फोन करायचा.

बाकीच्या खुणा : न थांबणारा रक्तस्राव, धाप, पाणीही न टिकणारी उलटी, अचानक आलेलं गोंधळलेपण, एका पायाला आलेली सूज. आणि एक खूण बहुतेकांना माहीत नसते : पाठीत नव्याने सुरू झालेल्या कळा, त्यासोबत पायांत शक्ती नसणं, बधिरपणा किंवा लघवी-शौचाचा ताबा जाणं. मज्जारज्जूवर दाब आला असेल तर पाय वाचवायला तास मोजावे लागतात. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून हे घरी काढू देऊ नका.

वेदनेबद्दल वेगळं. पुष्कळ पेशंट दुखणं सोसत बसतात, कारण मॉर्फिन म्हणजे शेवट किंवा मॉर्फिन म्हणजे व्यसन असं कुणी तरी सांगितलेलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच कॅन्सरच्या वेदनेसाठी पायऱ्यापायऱ्यांची पद्धत सांगितली. शक्यतो तोंडावाटे, आणि दुखायला लागल्यावर नव्हे तर घड्याळाप्रमाणे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी मॉर्फिन घेणाऱ्याला लत लागणं क्वचितच घडतं. बद्धकोष्ठ मात्र जवळजवळ ठरलेला असतो, म्हणून त्याचं औषध सोबत मागून घ्यायचं. गोळी मनानेच एकदम बंद करायची नाही. स्वयंसेवकाने एवढंच करावं : दुखणं किती, कुठे, कधी, शून्य ते दहात, हे वहीत लिहायला लावावं आणि “सोसू नका, डॉक्टरांना हे पान दाखवा” म्हणावं.

पायरी सातवी : गट बसतो तेव्हा

वर्षभर अशी एकेकाची सोबत जमली की गट बसवायचा विचार करा. आधी नको. लोक एकमेकांना भेटायला येतात, पण भेटीमागे कुणीतरी विश्वासाचं असावं लागतं.

आठ ते बारा माणसं, दीड तास, महिन्यातला ठरलेला वार. जागा दवाखान्याच्या आवारात असेल तर येणं सोपं पडतं. मात्र जिथे किमो देतात त्या मजल्यावर नको, नुसत्या वासाने काहींना मळमळ सुरू होते. खुर्च्या गोलात. स्वच्छतागृह जवळ. चालवणारे दोघं हवेत, म्हणजे कुणी रडत बाहेर गेलं तर एकाला मागे जाता येतं. स्कॉटलंडमध्ये एडिनबर्गच्या रुग्णालयाजवळ १९९६ मध्ये मॅगी केझविक जेंक्स यांच्या नावाने सुरू झालेल्या केंद्राची मूळ कल्पनाच अशी होती की उपचारांच्या इमारतीजवळच, पण तिथल्या पांढऱ्या दिव्यांपासून सुटका देणारी, घरासारखी जागा असावी. स्वतः पेशंट असताना आजार पसरल्याची बातमी ऐकून बिनखिडकीच्या बोळात बसावं लागल्याचा अनुभव त्यामागे होता. आपल्याला इमारत बांधायची नाही. पण एक खिडकी उघडी ठेवता येते, आणि ट्यूबलाइट बंद करून पडदा सरकवता येतो.

सुरुवातीला नियम मोठ्याने वाचायचे, दर वेळी. इथलं बोलणं इथेच. बोलायची सक्ती नाही. एकमेकांच्या औषधांची तुलना नाही. सल्ला मागितल्याशिवाय नाही. नियम भिंतीवर लावून भागत नाही, ते कुणी वाचत नाही.

अडचणी येतातच. एक जण सगळा वेळ खाऊन टाकतो. त्याला “तुमचं अजून ऐकायचंय, आपण नंतर बसू, आता यांचंही ऐकूया” असं म्हणायचं आणि नंतर खरंच बसायचं. नुकतंच निदान झालेली मुलगी आणि आजार पसरलेले काका एका गोलात आले तर दोघंही अवघडतात. जमल्यास प्रगत आजाराच्या लोकांचा गट वेगळा ठेवा. त्यांना जे बोलायचं असतं, मरण, मागे राहणारे, ते इतरांसमोर ते गिळून टाकतात. शांतता पसरली तर घाबरू नका. मनात वीसपर्यंत मोजा, बहुतेक वेळा पंधराच्या आत कुणीतरी बोलतं.

आणि एक दिवस एक खुर्ची रिकामी होते. ते लपवायचं नाही. पुढच्या बैठकीच्या सुरुवातीलाच नाव घेऊन सांगायचं, अर्थात घरच्यांची परवानगी घेऊन. दोन मिनिटं त्या माणसाबद्दल बोलायचं. जे सांगितलं जात नाही, ते गटात कुजबुजीने पसरतं, आणि आपण गेल्यावरही असंच होणार हे प्रत्येकाला कळतं.

गटाने आयुष्य वाढतं असं कुणाला सांगू नका. स्टॅनफर्डच्या डेव्हिड स्पीगल यांच्या १९८९ च्या अभ्यासात पसरलेल्या स्तनकॅन्सरच्या ज्या स्त्रिया गटात येत, त्या जास्त जगल्याचं दिसलं होतं, आणि त्याचा फार गवगवा झाला. २००१ मध्ये कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली, विशेषतः ज्यांना सुरुवातीला त्रास जास्त होता त्यांची. एवढं मला गट चालवायला पुरतं.

घरातली बाकीची माणसं

काळजी घेणाऱ्याची चौकशी पेशंटसमोर करू नका, तो “मी ठीक आहे” असंच म्हणेल. त्याला दाराबाहेर गाठा. आठवड्यातून तीन तास त्याच्या जागी कुणीतरी बसणं ही गटाला देता येण्यासारखी सगळ्यात मोठी भेट आहे. त्या तीन तासांत त्याने काय करावं हे सुचवू नका. झोपेल, नाहीतर रस्त्याने नुसता चालेल.

मुलांना अंधारात ठेवलं की ती त्याहून भयंकर काहीतरी कल्पून घेतात. लहानांना तीन गोष्टी सांगितल्या तर पुष्कळ होतं : हा आजार तुझ्यामुळे झालेला नाही, तो शिवण्याने लागत नाही, आणि तुझी काळजी घ्यायला अमुक माणूस आहे. सांगणारे आईवडीलच हवेत. आपण फक्त त्यांच्यासोबत वाक्यं घोकून घ्यायची.

उपचार संपतात तेव्हा, आणि थांबतात तेव्हा

शेवटची किमो झाली की सगळे अभिनंदन करून पांगतात. नेमका तेव्हाच माणूस कोसळतो. इतके महिने दर तीन आठवड्यांनी कुणी ना कुणी तपासत होतं, आता एकदम सहा महिन्यांनी या. प्रत्येक कळ म्हणजे परत आला की काय, असं वाटतं. थकवा महिनोन्‌महिने रेंगाळतो आणि घरचे म्हणतात, आता तर बरी झालीस. म्हणून फोन बंद करू नका. आठवड्याचा पंधरवड्यावर आणा, मग महिन्यावर. फेरतपासणीचा रिपोर्ट यायचा असेल त्या आठवड्यात मात्र नक्की.

आजार हटत नाही असं ठरलं, तर कामाची दिशा बदलते. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या पेशंटची शेवटपर्यंत शुश्रूषा करणारं ठिकाण, सुरू केलं. वेदना फक्त शरीराची नसते, तिच्यात मन, माणसं, पैसा आणि ‘मीच का’ हा प्रश्न एकत्र कालवलेले असतात, हे त्यांनी डॉक्टरांना शिकवलं. आणि ही शुश्रूषा शेजारपाजारच्यांच्या हातात देता येते हे केरळने दाखवलं. १९९३ मध्ये कोळिकोडला सुरू झालेल्या कामातून गावोगावच्या स्वयंसेवकांची जाळी उभी राहिली : आठवड्याला काही तास देणारी साधी माणसं, त्यांच्यामागे प्रशिक्षित सिस्टर, तिच्यामागे डॉक्टर. २००८ मध्ये तिथल्या राज्य सरकारने त्यासाठी स्वतंत्र धोरणही केलं. तुमच्या भागात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे अशी त्रास कमी करणारी शुश्रूषा देणारी टीम असेल, तर तिच्याशी ओळख आजच करून ठेवा. वेळ आल्यावर फोन नंबर शोधत बसायला सवड नसते.

आपलं आपण

एका स्वयंसेवकाकडे एका वेळी तीनच पेशंट. फोन घेण्याच्या वेळा ठरवलेल्या, आणि रात्रीसाठी दवाखान्याचाच नंबर दिलेला. महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसून मनातलं रिकामं करायचं. शक्य असेल तर समुपदेशकाला बोलवा. पेशंट गेला तर त्या स्वयंसेवकाला काही आठवडे नवं नाव देऊ नका, तो कितीही “मला काही झालं नाही” म्हणाला तरी. जो सोडून जायचं म्हणतो त्याला थांबवू नका, पण त्याच्या पेशंटना पुढचा माणूस त्यानेच नेऊन भेटवायचा. न सांगता गायब झालेला स्वयंसेवक कधी न आलेल्यापेक्षा जास्त दुखवतो.

नोंदवही साधी ठेवा : तारीख, कोण भेटलं, काय ठरलं, ते झालं का. शेवटचा रकाना महत्त्वाचा. दर तीन महिन्यांनी त्या रकान्यातले ‘नाही’ मोजा आणि दवाखान्यातल्या तुमच्या त्या सिस्टरसमोर ठेवा. आमच्या पहिल्या तिमाहीत जवळपास निम्मे ‘नाही’ होते, आणि बहुतेकांचं कारण एकच निघालं : नेणारी गाडी आयत्या वेळी आली नव्हती. तेव्हापासून प्रत्येक फेरीला दुसऱ्या गाडीवाल्याचं नावही आदल्या रात्रीच लिहून ठेवतो.